वगळलेला ठोका

मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी उतरली होती, पण हृदयाचा आलेख टिपणारे छातीवरचे तीन स्टिकर अजून जागेवर होते. प्रयोगाला बसलेली मुलगी टॉवेलने केसांतला जेल पुसत शेजारच्या स्क्रीनकडे बघत होती. तिच्याच डोक्यावरून नुकतीच नोंदवलेली चाळीस मिनिटं तिथे सुटी सुटी होत होती. हा पापण्यांचा घटक, हा जबड्याच्या स्नायूंचा, हा नजर डावी-उजवीकडे गेल्याचा. संशोधन करणारी ताई एकेकावर खूण करून तो वगळत होती. सातव्यावर खूण केली तेव्हा मुलीने विचारलं, ‘‘ताई, आत्ता काय काढलंत?’’ ‘‘तुझं हृदय,’’ ताई सहज म्हणाली आणि आठव्याकडे वळली. मुलगी हसली. केस पुसून झाले, टॉवेलची घडी घातली आणि मग म्हणाली, ‘‘पण मी विचार करत होते तेव्हा ते चालूच होतं ना?’’

तो प्रश्न तिथेच राहिला.

मेंदूच्या लहरी मोजायला बसलेल्या माणसाला हृदय ही अडचण वाटते, आणि ती दूर करणं हे प्रामाणिक काम आहे. आकडेच पाहा. टाळूवर मिळणारी मेंदूची लहर १० ते १०० मायक्रोव्होल्टची. हृदयाच्या आलेखातला ‘आर’ नावाचा उंच सुळका छातीवर साधारण एक मिलिव्होल्टचा, म्हणजे १००० मायक्रोव्होल्टचा. डोळे मिटलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला ५० मायक्रोव्होल्टची अल्फा लहर शांतपणे चालली असेल, तर त्याच शरीरात दीड हात खाली तिच्या वीसपट उंचीचा सुळका मिनिटाला सत्तरदा उठत असतो. शरीर आतून मिठाच्या पाण्यासारखं, वीज कुठूनही कुठेही पोहोचते. हृदयाचं विद्युतक्षेत्र मानेतून वर चढतं आणि टाळूवर काही मायक्रोव्होल्टचा ठसा उमटवतं. संदर्भाचा इलेक्ट्रोड, म्हणजे वीज टिपणाऱ्या बाकीच्या चकत्या जिच्याशी ताडून मोजतात ती चकती, कानाच्या पाळीवर असेल किंवा मान आखूड असेल, तर तो ठसा आणखी ठळक होतो. शिवाय एखादा इलेक्ट्रोड नेमका कानशिलाजवळच्या धमनीवर बसला, तर ती धमनी दर ठोक्याला त्याला किंचित उचलून खाली ठेवते, आणि सुळक्यानंतर सुमारे २०० मिलिसेकंदांनी एक गुळगुळीत उंचवटा दिसतो. पहिल्या भेसळीवरचा उपाय गणितात आहे, दुसरीवरचा इलेक्ट्रोड बोटभर बाजूला सरकवण्यात. नवशिका माणूस दोन्ही एकच समजतो आणि धमनी गणिताने पुसायला जातो.

मुळात टाळूपर्यंत पोहोचणं हेच आपल्याकडे अर्धं काम. खोबरेल तेल हे इलेक्ट्रोडच्या वाटेतलं सगळ्यात मोठं धरण. म्हणून आदल्या दिवशी फोनवर सांगावं लागतं, रात्री शाम्पूने केस धुवा, कंडिशनर नको, सकाळी तेलाचं बोट लावू नका, गजरा नको. तरी कुणीतरी चापूनचोपून तेल लावलेली वेणी घालून येतंच, कारण तेल न लावता घराबाहेर पाठवणं आईला पटलेलं नसतं. मग स्पिरिटचा बोळा घेऊन एकेका भोकातून केस बाजूला करायचे, बोथट सुईच्या सिरिंजने जेल सोडायचा आणि सुईच्या टोकाने टाळू हलकेच गोल गोल घासायची. थंड जेल पहिल्यांदा लागला की खांदे आपोआप वर जातात. स्क्रीनवरचा लाल ठिपका पिवळा होतो, मग हिरवा. म्हणजे टाळू आणि इलेक्ट्रोड यांच्यामधला विजेचा अवरोध ५ किलोओमच्या खाली आला. घाईत जेल जास्त पडला तर तो शेजारच्या इलेक्ट्रोडपर्यंत पसरतो आणि स्क्रीनवरच्या दोन ओळी हुबेहूब एकसारख्या चालू लागतात. अशा जोडीला काही उपाय नाही, टोपी काढून डोकं धुवावं लागतं. मे महिन्यात घामाने सगळ्या ओळी हेलकावत वर-खाली जातात, म्हणून एसी लागतो. पंख्याचा रेग्युलेटर, मोबाईलचा चार्जर, खराब अर्थिंग, यांतून भिंतीतली ५० हर्ट्झची वीज ओळींत शिरते. या सगळ्यापुढे छातीचं काम अगदी सोपं. उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली एक स्टिकर, डाव्या खालच्या फासळीवर दुसरा, तिसरा आधाराचा. त्वचा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायची, एवढंच.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही घाईत असलं तरी सोडू नये. हृदयाची ओळ आणि मेंदूच्या ओळी एकाच अॅम्प्लिफायरमध्ये, एकाच घड्याळावर गेल्या पाहिजेत. दोन वेगळ्या यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत पन्नासाचा फरक असला, तरी तासाभरात तो १८० मिलिसेकंदांवर जातो, आणि इथे सगळा खेळच त्याहून लहान अंतरांचा आहे. मनगटावरचं घड्याळ ठोके मोजतं खरं, पण ते मोजतं मनगटात पोहोचलेलं रक्त. ते पोहोचेपर्यंत छातीतला सुळका उठून पाव सेकंदाच्या आसपास गेलेला असतो, आणि हा उशीर रक्तदाबाप्रमाणे बदलतोही.

हृदयाचा आणि मेंदूचा आलेख काढणारी ही दोन यंत्रं एकमेकांपासून दूर वाढली असं वाटतं, पण त्यांचा जन्म एकाच घरातला आहे. नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइन्थोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तारेचा गॅल्व्हानोमीटर, म्हणजे अगदी क्षीण वीज मोजणारं यंत्र, बांधला आणि हृदयाच्या आलेखाला पी, क्यू, आर, एस, टी ही नावं कायमची दिली. त्याबद्दल त्यांना १९२४चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी जर्मनीत येना इथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने, शस्त्रक्रियेमुळे कवटीचा काही भाग नसलेल्या एका तरुणाच्या डोक्यावरून माणसाच्या मेंदूची पहिली विद्युतनोंद घेतली. वापरलं ते त्याच जातीचं, हृदयासाठी बनलेलं यंत्र. बर्गर या कामाकडे कसे वळले ती हकीकत प्रसिद्ध आहे. तरुणपणी लष्करी सरावात ते घोड्यावरून पडले आणि थोडक्यात वाचले, त्याच संध्याकाळी दूर असलेल्या बहिणीच्या मनात काहीतरी वाईट आलं आणि घरून खुशाली विचारणारी तार आली. मनाची काही ऊर्जा असते आणि ती मोजता येईल, ही ओढ त्यांना पुढे आयुष्यभर राहिली. ती ऊर्जा सापडली नाही, लहरी सापडल्या. आणि त्या छापायला त्यांनी पाच वर्षं घेतली. आपण मेंदू मोजतोय की रक्ताची धडधड, ही शंका त्यांना सोडत नव्हती, म्हणून ते हृदयाचा आलेखही सोबत घेत राहिले. १९२९च्या लेखात दोन रेषा एकाखाली एक छापलेल्या दिसतात. ती दुसरी रेषा पहारेकरी म्हणून ठेवली होती. आज पहारेकरी आहे तिथेच आहे, आणि आपण त्याला गुन्हेगार समजून बाहेर काढतो.

काढण्याची रीत सुंदर आहे, हेही सांगायला हवं. लग्नाच्या मांडवात बत्तीस माइक लावले अशी कल्पना करा. प्रत्येक माइकमध्ये सनई, भटजींचे मंत्र, पंगतीतली भांडी आणि पोरांचा गलका, सगळं मिसळलेलं. फक्त प्रमाण वेगळं. कोण कुठे बसलंय हे कुणी सांगितलेलं नाही. तरी सनईची चाल भांड्यांच्या आवाजावर अवलंबून नाही एवढ्या एका गोष्टीवरून गणित प्रत्येकाला वेगळं काढू शकतं. मेंदूच्या नोंदींवर ही पद्धत १९९०च्या दशकात स्कॉट मेकिग आणि सहकाऱ्यांनी वापरून दाखवली, आणि आता ती रोजची झाली आहे. जमायला पुरेशी नोंद लागते. साधारण हिशेब असा की इलेक्ट्रोडच्या संख्येच्या वर्गाच्या वीसपट तरी नमुने, म्हणजे एकेका क्षणाची मोजमापं, हवेत. ६४ इलेक्ट्रोड, सेकंदाला २५० नमुने, म्हणजे किमान साडेपाच मिनिटं. एक हर्ट्झखालचे हेलकावे आधी गाळले तर घटक स्वच्छ सुटतात, पण तीच गाळणी मूळ नोंदीला लावली की मेंदूच्या मंद लहरी वाकड्या होतात. म्हणून नोंदीची प्रत काढायची, प्रत गाळायची, प्रतीवर घटक शोधायचे आणि ते मूळ नोंदीतून वजा करायचे. हृदयाचा घटक ओळखायला सोपा. डोक्याच्या नकाशावर तो एका बाजूकडून दुसरीकडे सरळ उतरत जाणारा रंग दाखवतो, कारण त्याचा उगम डोक्यात नाहीच, खूप खाली आहे. आणि छातीच्या ओळीशी ताडून पाहिला की सुळक्याला सुळका जुळतो.

तिचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो.

प्रयोगात तिला करायला दिलेलं काम नेहमीचं होतं. कानात एकसारखा आवाज येत राहतो, पाचांत एखादा वेगळा येतो, तो मनात मोजायचा. वेगळा आवाज आला की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मध्य-मागच्या भागात एक धन लाट उठते. १९६५मध्ये सॅम्युअल सटन आणि सहकाऱ्यांनी ती दाखवून दिली. एका आवाजाला ती दिसत नाही, बाकीच्या खळबळीत बुडते. छत्तीस वेगळ्या आवाजांची सरासरी घेतली की खळबळ सहापट खाली बसते आणि लाट डोकं वर काढते. हे मेंदूपुरतं झालं. पण त्याच क्षणी मेंदूच्या बत्तीस ओळींखालच्या तेहतिसाव्या, छातीच्या ओळीकडे पाहिलं तर तिथेही काही घडलेलं असतं. अनपेक्षित आवाजानंतरचे एक-दोन ठोके किंचित उशिरा येतात. हातून चूक झाल्याचं कळलं तरी तसंच. मेंदूत चुकीनंतर १०० मिलिसेकंदांच्या आत कपाळामागच्या मध्यभागी एक ऋण सुळका उठतो, आणि हृदयाचा पुढचा ठोका थोडा लांबतो. आपण ‘काळजाचा ठोका चुकला’ म्हणतो. तो चुकत नाही, सेकंदाच्या काही शतांशांनी लांबतो, आणि हे म्हणणाऱ्यांपैकी कुणीही छातीवर स्टिकर लावून पाहिलेलं नव्हतं. भीतीने छाती धडधडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. काही अनपेक्षित जाणवल्याच्या पहिल्या क्षणी मात्र ती आधी थबकते. ही थबक मोठ्या मज्जातंतूंपैकी एकाची, व्हेगसची करणी. त्याचा लगाम एका ठोक्याच्या आत लागतो. वेग वाढवणारी दुसरी यंत्रणा सुरू व्हायलाच काही सेकंद घेते.

वाट पाहण्याचाही असाच आलेख असतो, आणि या विषयातलं मला तरी सगळ्यात मोहवणारं चित्र हेच आहे. ‘तयार राहा’ असा एक इशारा द्यायचा आणि काही सेकंदांनी ‘आता दाबा’ असा दुसरा. मधल्या काळात माणूस बाहेरून काहीच करत नाही. डोक्याच्या माथ्यावर मात्र एक ऋण लहर हळूहळू चढत जाते. ती ग्रे वॉल्टर यांनी ब्रिस्टलमध्ये १९६४ साली नोंदवली. आणि त्याच काळात हृदय ठोक्यामागून ठोका संथ होत जातं, दुसऱ्या इशाऱ्याच्या क्षणी सगळ्यात संथ. ओहायोमधल्या जॉन आणि बीअट्रिस लेसी या जोडप्याने या संथपणाचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. बाहेरचं काही टिपायचं असेल तर हृदय मंदावतं, मनातल्या मनात हिशेब करायचा असेल तर वेग घेतं, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यावर पुष्कळ वाद झाले आणि सिद्धांत जसाच्या तसा टिकला नाही, पण वाट पाहणारं हृदय संथ होतं हे पुन्हा पुन्हा दिसतं. ओळी बघताना वाटतं, घरात कुणी हळू बोलत असेल तर आपण पंखा बंद करतो, तसंच काहीतरी शरीर करत असावं.

मग शोध उलट्या दिशेनेही झाला. मेंदू हृदयाला थांबवतो हे ठीक, पण हृदयाचा प्रत्येक ठोका मेंदूला कळतो का? म्युनिकच्या रेनर शांद्री आणि सहकाऱ्यांनी १९८६मध्ये आवाजाच्या जागी आर सुळकाच घड्याळ म्हणून धरला आणि प्रत्येक सुळक्यानंतरच्या मेंदूच्या लहरीची सरासरी काढली. लाट निघाली. सुळक्यानंतर साधारण २०० ते ६०० मिलिसेकंदांत, एक मायक्रोव्होल्टच्या आसपासची, कधी त्याहूनही लहान. दिसायला शेकडो ठोके लागतात. मिनिटाला ७२ ठोक्यांनी पाच मिनिटांत ३६० मिळतात, खळबळ एकोणीसपट बसते, तेव्हा कुठे ती उभी राहते. आणि इथेच काम अवघड होतं. हृदयाच्या आलेखातली सुळक्यानंतरची टी लहर याच पट्ट्यात येते, ती स्वतःच टाळूपर्यंत पोहोचते आणि मेंदूच्या लाटेचं सोंग घेते. सुळक्याच्या आधीचा शांत भाग तुलनेची पायारेषा म्हणून घ्यावा तर तिथे पी लहर बसलेली. ठोके नव्वदीच्या वर गेले तर ही लाट संपायच्या आत पुढच्या ठोक्याची तयारी सुरू. म्हणजे ताईने सातवा घटक वगळला नाही तर जे सापडेल ते हृदयाचं की मेंदूचं हे सांगता येणार नाही, आणि वगळला तर त्याच्याबरोबर मेंदूने हृदयाला दिलेल्या उत्तराचा तुकडाही जाण्याची शक्यता. काळजीपूर्वक काम करणारे दोन्ही करून पाहतात. सुळक्यांच्या खुणा यादृच्छिकपणे पुढे-मागे सरकवून तीच सरासरी पुन्हा पुन्हा काढतात. खोट्या खुणांवरही तेवढाच फरक दिसला तर तो ठोक्यांशी बांधलेला नव्हता. शिवाय ज्या दोन परिस्थितींची तुलना करायची त्यांत छातीचा आलेख स्वतः बदलला नाही ना, हे आधी तपासतात. हा शेवटचा तपास वगळलेले निकाल मी विश्वासाने वाचू शकत नाही.

एवढ्या लहान लाटेने काय होतं? पॅरिसमध्ये कॅथरीन तालों-बोद्री यांच्या गटाने २०१४ साली दाखवलं की जेमतेम दिसेल न दिसेल अशी आकृती समोर यायच्या आधी मेंदूने ठोक्यांना दिलेला प्रतिसाद मोठा असेल, तर ती आकृती दिसल्याचं माणूस जास्त वेळा सांगतो. लाइपझिगमध्ये २०२०च्या अभ्यासात बोटाला अगदी क्षीण विजेची टिचकी दिली, तर उलटं निघालं: आधीचा प्रतिसाद मोठा असला की टिचकी कमी वेळा कळली. हृदय आकुंचन पावत असतानाही ती कमी कळली, सैल असताना जास्त. त्याच्या अगदी विरुद्ध, ब्रायटनच्या सारा गारफिंकेल आणि सहकाऱ्यांना भेदरलेले चेहरे आकुंचनाच्या क्षणी अधिक सहज टिपले जाताना दिसले. म्हणजे ‘ठोक्याला मेंदू बधिर होतो’ असं एक सोपं वाक्य करून टाकता येत नाही. महाधमनीच्या कमानीत आणि गळ्यातल्या धमन्यांत दाब मोजणारी मज्जातंतूंची टोकं आहेत. प्रत्येक आकुंचनाला ती ‘दाब वाढला’ असं मेंदूला कळवतात, आणि काय ऐकायचं, काय सोडायचं हे त्या बातमीनुसार सेकंदाच्या एका तुकड्यापुरतं बदलतं. जग आपल्याला अखंड दिसतं, पण त्याचं येणं थोडं थोडं ठोक्यांवर पडतं.

या कामात आपल्या मातीचाही एक धागा आहे. ज्या १९२४ साली येनामध्ये ती पहिली नोंद झाली, त्याच साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, योग प्रयोगशाळेत तपासायचा म्हणून. १९३५मध्ये टेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ सोबत नेता येणारं यंत्र घेऊन भारतात फिरल्या. हृदय थांबवतो म्हणणाऱ्या योग्यांचे आलेख त्यांना हवे होते. पुढे वेंगर, बागची आणि आनंद यांनी १९६१मध्ये याच दाव्याची तपासणी छापली. श्वास कोंडून, छाती-पोट आवळून योगी मनगटातली नाडी गायब करू शकत होते, स्टेथोस्कोपला ठोकेही ऐकू येईनासे होत, पण कागदावरचे सुळके चालूच होते. रक्त परत येण्याची वाट दाबली गेली होती, हृदय चाललेलं होतं. त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समधून आनंद, छिना आणि सिंग यांनी दोन योग्यांची नोंद दिली: ४ अंश सेल्सियसच्या पाण्यात हात बुडवून ४५ ते ५५ मिनिटं बसले असतानाही त्यांच्या मेंदूतली अल्फा लहर मोडली नाही. एक दावा रेषेने खोडला, दुसरा तिनेच दाखवला. दोन्ही वेळी माणसाचं सांगणं आणि रेषा शेजारी ठेवल्या होत्या, म्हणून कळलं.

सांगण्यावर एकट्याने भिस्त ठेवली की काय होतं याचं उदाहरण शांद्रींच्याच आणखी जुन्या चाचणीत आहे. नाडीला हात न लावता २५, ३५, ४५ सेकंद आपले ठोके आतून मोजायचे. ४५ सेकंदांत खरे ५४ पडले आणि तुम्ही ४१ मोजले, तर गुण ०.७६. पण ज्याला आपली नाडी बहात्तरची असते हे माहीत आहे, तो सेकंद मोजून बरोबर उत्तर देतो आणि त्याला काहीही जाणवलेलं नसतं. म्हणून आता आधी बजावतात, जो जाणवला तोच मोजा, अंदाज नको, शून्य आलं तरी चालेल. असं सांगितल्यावर गुण धाडकन उतरतात. खूप जणांना आपला एकही ठोका जाणवत नाही. शांत खोलीत, डोळे मिटून, इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर.

ताईने फाईल दोन नावांनी जतन केली, एक सातवा घटक वगळून आणि एक तसाच ठेवून. दुसऱ्या कॉम्प्युटरवर नोंद अजून चालू होती. टोपी काढल्यामुळे वरच्या बत्तीस ओळी केव्हाच जाड, काळ्या पट्ट्या झाल्या होत्या, तळाची एकच अजून स्वच्छ चालली होती. मुलीने उभं राहून दुपट्टा सावरला तसे तिथले सुळके जवळ जवळ आले, बसली तसे पुन्हा सुटले. ‘‘आता स्टिकर काढते हं,’’ ताई म्हणाली, ‘‘जरा ओढल्यासारखं होईल.’’ मुलीने ओठ घट्ट मिटले. पुढचा सुळका किंचित उशिरा आला, त्याच्या पुढचा त्याहून उशिरा. मग ताईने कड धरून स्टिकर ओढला आणि ती ओळही भिंतीतल्या ५० हर्ट्झने भरून गेली.